पाच जणांचं तिकीट

शनिवारी पाच जणांत एकच तिकीट निघतं.
आख्खं सॅक्सनी दिवसभर फिरा, पण हळू गाड्यांनी,
आणि नावं लिहा. पेनानं. खाडाखोड चालत नाही.
आम्ही होतो चौघं:
नोदिर, थाओ, बेरेकेत, आणि मी,
जिचं आडनाव त्या रकान्यात कधीच मावलं नाही.
'क्षीर'पाशी रेघ संपायची,
सागर राहायचा समासात.

पाचवं माणूस मिळालं तर डोई दोन युरो सुटतात.
म्हणून थाओ केम्निट्झच्या फलाटावर विचारत सुटली,
पंगतीत एक पान रिकामं राहिलंय
अशा लगबगीनं.
रोसविटा हो म्हणाली. सत्तरी उलटलेली,
बहिणीकडे टोमॅटोचं रोप घेऊन निघालेली.
वाट्याचे पैसे मोजून दिले, सेंटासकट,
मग चष्मा लावून स्वतःचं नाव
पाटीवर गिरवावं तसं लिहिलं.

ड्रेस्डेनला गाडी बदलली. रोप माझ्या मांडीवर आलं.
बाउट्झेनच्या पाटीवर खाली दुसरं नाव: बुदिशिन.
"इथं आणखी एक भाषा राहते," रोसविटा म्हणाली.
"लहान आहे. पण पाटीवर जागा आहे तिला."
नोदिरनं ते नाव तीनदा पुटपुटून पाहिलं.
मी दशम्या काढल्या. इथली मोहरी प्रसिद्ध,
रोसविटानं पिशवीतून ट्यूब काढून
दशमीवर पिवळी रेघ ओढली, गुंडाळी केली,
आणि खिडकीकडे बघत खाल्ली. काही बोलली नाही.
दुसरी मागितली.

ल्यॉबाउला ती उतरली.
तिचं नाव आमच्याबरोबर पुढं आलं.

ग्यॉर्लिट्झला नदीवर एक पूल आहे, चालत जायचा.
अलीकडे जर्मनी, पलीकडे पोलंड.
फाटक नाही, शिपाई नाही.
एक माणूस कुत्रं घेऊन या देशातून त्या देशात गेला,
कुत्र्यानं दोन्हीकडे तंगडी वर केली.

पुलाच्या तोंडाशी बेरेकेतनं बुटाची नाडी सोडली,
बांधली, पुन्हा सोडली.
"तुम्ही जा. माझं कार्ड अजून ऑफिसात आहे.
तोवर एक घडीचा कागद दिलाय.
त्यावर पलीकडे जाता येईल.
परत येता येईल का, ते लिहिलेलं नाही."

नको, आम्हीही नाही जात, असं मी म्हणाले.
तो म्हणाला, मग मला फार वाईट वाटेल,
आणि तुमचा फोटो कोण काढणार?

गेलो तिघं. मी मोजली, एकशे बारा पावलं.
मागं वळले तर चर्चचे दोन उंच मनोरे,
आणि त्यांच्या पायथ्याशी एक नारिंगी जाकीट,
हात वर केलेला.
थाओनं फोन लावला.
"कसंय पोलंड?"
"तुझ्यासमोरच आहे."
"इथून छान दिसतं."
मग कुणालाच पुढचं काही सुचेना,
फोन तसाच चालू, मधून नदीचा खळखळाट,
दोन्ही कानांत तोच.

आम्ही पिएरोगी घेतले, कागदी वाडग्यावर दुसरं वाडगं झाकलं,
आणि जवळजवळ पळत पूल ओलांडला.
एक देश पालथा पडू नये म्हणून
नोदिर वाकडा चालत होता.
बेरेकेतनं एक तोंडात टाकला, नीट चावला.
"पोलंड जरा अळणी आहे," म्हणाला.
मी लसणाची चटणी पुढं केली.

परतीच्या गाडीत तिकीट तपासनीसानं नावं मोजली,
मग डोकी मोजली.
"रोसविटा?"
"ती पोचली घरी," बेरेकेत म्हणाला.
तपासनीस जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिला,
मग शिक्का मारला.

तो कागद माझ्या शब्दकोशात आहे.
छापलेलं सगळं उडालं: तारीख, भाव, राज्याचं नाव.
पेनानं लिहिलेली पाच नावं तेवढी राहिली.

बेरेकेतचं कार्ड आलं तेव्हा थाओ मायदेशी परतलेली,
नोदिर प्रबंधात बुडालेला, मी म्युनिकला नोकरीत.
एका मंगळवारी तो एकटाच जाऊन आला.
संध्याकाळी मला दोन ओळींचा मेसेज:
"शंभराला चार कमी.
तुझी पावलं लहान आहेत."