पिवळ्या टोपणाची नळी

नांदेडात डॉक्टर लेनला माझी खोली आठ बाय दहा.
सातला शटर वर जातं, तोवर बाकावर
शुगरवाले, थायरॉइडवाले
आणि एकदोन नुसते सोबतीला आलेले.

आज सोबतीला आलेलाच जास्त घाबरलाय.
खलील बागवान, अर्धापूर.
तीन पिढ्यांचा केळीचा धंदा,
बोटांच्या पेरांत चिकाचे काळे डाग
साबणाला न जुमानणारे.

चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलंय : आयजीई.
खाली, आडव्या रेघेनंतर : केळं.

"मॅडम, हे बरोबर लिव्हलंय का बघा जरा.
ही पोर घडांच्या ढिगाशेजारी रांगली.
दात आले तवा पहिलं केळंच चावलं तिनं.
आमचं आडनावच बाग हाय,
अन् आमच्याच पोरीला..."
पुढचं तो भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगतो.

सुमय्या, वय सोळा, बाही वर सारते.
वर्षभर तिनं कुणाला कळू दिलं नाही.
इफ्तारच्या ताटातली फोड
धाकट्या भावाकडे सरकवायची,
घशात कुसळ अडकलं की पाणी प्यायची,
ओठ सुजले की ओढणी तोंडावर.
ज्या घरात फळावर चूल पेटते
तिथं फळाला नको म्हणायचं कसं?

या तपासणीला उपाशी यावं लागत नाही.
बापानं तरी तिला उपाशी आणलंय,
आणि स्वतःही चहा घेतलेला नाही.

मी दंडाला रबरी पट्टा बांधते.
मूठ आवळ. हं. बघू नकोस इकडे.
शीर लाजरी, दोनदा चाचपली तेव्हा सापडली.
पिवळ्या टोपणाच्या नळीत
तीन मिली गडद लाल,
हलक्या हातानं पाचदा उलटसुलट.

पट्टा सोडला, आणि दंडावर
पट्ट्याएवढाच रुंद, लाल,
गांधी उठलेला वळ.

"फुगे फुगवताना बी असंच होतंय,"
ती हळूच म्हणाली,
जणू हेही तिचीच चूक.

कॉलेजात एका सरांनी सांगितलं होतं,
रबराचं आणि केळ्याचं आतून काही नातं आहे.
परीक्षेत आलं नाही, मी विसरून गेले.
आता हातमोजे काढता काढता वाटलं,
आपल्या बोलीत दोन्हींना एकच शब्द आहे,
चीक.
आज्यापणज्यांनी तपासणी न करताच
एका नावानं हाक मारली होती दोघांना.
मी चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिलं :
रबराचंही बघावं.
पट्टा कचऱ्यात टाकला.

नळी बर्फाच्या डब्यातून
रात्रीच्या गाडीनं हैदराबादला गेली.

चौथ्या दिवशी बाप एकटाच आला.
"किती निघाला?"
बाजार समितीत भाव विचारावा तसं.
चार पॉइंट दोन.
"म्हंजे जास्त का कमी?"
मधलाच म्हणायचा.
"मग उतरंल का?"

मी म्हटलं, आकडा म्हणजे आजार नव्हे, खलीलभाई.
कुणाचा आकडा मोठा आणि त्रास काहीच नाही,
कुणाचा एवढासा, आणि श्वास कोंडतो.
रक्त फक्त सांगतं, मी याला ओळखतो.
ओळख कसली, ते तिचा घसा सांगेल,
आणि डॉक्टर ऐकतील.
तिनं वर्षभर जे सांगितलं नाही
ते आधी तुम्ही ऐका.

त्यानं रिपोर्टची चार घडी केली,
वरच्या खिशात, बिड्यांच्या शेजारी.
मग कोपऱ्यातल्या बेसिनशी
बराच वेळ हात चोळत राहिला.
"घरी जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवायचा
तर चालतंय का?"
मला नीट उत्तर देता आलं नाही.
धुऊन ठेवा, म्हटलं.

जाताना गाडीच्या डिकीतून
अर्धा डझन केळी काढून दिली, सवयीनं,
दिल्यावर ओशाळला.

दुपारी बाक रिकामं झालं.
मी एक सोललं.
चांगलं पिकलेलं होतं, देठाशी जरासं करकरीत.
सगळं खाल्लं.
मला काहीच झालं नाही.