नवं मीटर

मीटर बदलून गेले. सही मोबाइलवर घेतली, बोटानं.
माझ्या बोटाला पीठ. काचेवर पांढरा डाग उमटला,
तेवढीच माझी हरकत.

पोरगा म्हणाला, मावशी, हे आता स्वतःच ऑफिसशी बोलतं,
आकडा लिहायला कुणी यायला नको.
म्हणजे शेलारांचा बबन बंद.
सहाचे आठ लिहायचा तो, खरं आहे,
पण मंगळवारच्या बाजारात त्याची गचांडी धरता यायची.
आता धरू कुणाला? भिंतीला?

माझी दहा हॉर्सपॉवरची मोटर.
तासगावात दुपारी दोनला व्होल्टेज येतं
ते उमेदवार आल्यागत:
तोंड दाखवतं, हात जोडतं, पुढच्या आळीला जातं.
बिलात मात्र स्थिर आकार.
स्थिर म्हणजे काय, तर दरवर्षी वाढतो तो.
खाली वहन आकार. वीज वाहून आणल्याची हमाली.
कुणाच्या डोक्यावरनं आणली, ते छापलेलं नाही.

गिरणीत बाकडं आहे, त्यावर गट बसतात.
दोनाचे चार झाले, माणसं तीच.
तू कुठल्या गटाची, असं मलाही विचारतात,
मी म्हणते, ज्वारी पाखडून आणा आधी.
खडा दगडात गेला की ठिणगी उडते,
ती कुणाच्या गटात नसते.

खोटं कशाला बोलू, सरकारच्या पैशाचा फॉर्म मीही भरलाय.
पैसे खात्यावर पडले की त्या आठवड्यात गहू जास्त येतो दळायला
आणि त्याच आठवड्यात तेलाचा डबा महागतो.
हे एकमेकांना कोण कळवतं?
सरकारी दवाखान्यात माझा रिपोर्ट
या खोलीतनं त्या खोलीत जायला तीन दिवस लागले.

परवा नदाफांची शमीम आली. दोन किलो ज्वारी.
आधी ती नाणी मुठीत मुठीनं द्यायची,
कमी असली तर नुसती बघायची, मी मान हलवायची,
झाला व्यवहार.
आता लेकानं फोन दिलाय तिला.
तिनं फोन धरला, आणि माझा तो पेमेंटचा डबा
मोटरीच्या वरताण ओरडला:
बारा रुपये प्राप्त झाले!
सगळं बाकडं वळलं.
बारा रुपयांत किती भाकरी, हा हिशेब
कुणाला शिकवावा लागत नाही.
शमीमनं पदर ओढला, पीठ गरम होतं तरी
छातीशी धरून गेली.

मी डब्याचं बटण दाबत राहिले,
आवाज पार तळाला जाईपर्यंत.
मग मीटरकडं बघितलं. हिरवं लुकलुकत होतं.
खालनं, बाजूनं चाचपलं. त्याला तसलं बटण नाही.

त्या दिवशी पाटीवर सहाचे सात करायचे होते.
खडू सकाळपासनं कनवटीला होता.
तो तिथंच मोडला, पीठच झालं त्याचं.
सहा तर सहा.
बिल येऊ दे, मग बघू.