निळी वाटी

एका फोटोला चार सेकंद, असं लॅपटॉपच म्हणाला.
मी म्हटलं, बरं.
आत्याच्या लग्नाला चार, कमाटीबागेतल्या सिंहाला चार,
सुरसागराच्या कठड्यावर ओळीने बसवलेल्या आम्हा भावंडांना चार.
त्यातला शेंडेफळ अवधूत त्याच वर्षी गेला,
त्यालाही चारच.

भाचा म्हणाला, मावशी, फोटो हृदयाच्या आकारात उघडू दे?
नको.
मग पानांसारखे गळू दे?
नको रे. एक जाऊ दे, दुसरा येऊ दे.

आणि मागे गाणं?
तेव्हा ट्रंकेतली कॅसेट काढली,
ढिली फीत पेन्सिलीने गुंडाळली.
नानांचा जलतरंग.
म्हणजे आमच्याच फडताळातल्या चिनी मातीच्या वाट्या,
बँकेतून आल्यावर पाणी घालून, काढून, पुन्हा घालून
सुरात आणलेल्या.
भाच्याने ती भरून घेतली. पुरती ऐकली कुणीच नाही.

रविवारी दांडिया बाजारात सगळे जमले.
पडदे ओढले, खुर्च्या कमी पडल्या,
समोरच्या ज्योत्स्नाबेन गादीवर टेकल्या.
भूप सुरू झाला.
थांब थांब, ती कोण? काका विचारतात, तोवर ती गेलेली.
पाछुं लो ने, ज्योत्स्नाबेन म्हणतात.
मागे कसं घेणार, सूर पुढे निघालेला.

फोटो संपून पुन्हा पहिल्यापासून लागले,
आणि आई आली.
फोटोत नाही. फोटोत ती दोनदाच, दोन्हीत डोळे मिटलेले.
फितीत.
"अहो, ती निळी वाटी द्या बघू. व्याही पानावर बसलेत, श्रीखंड वाढायचंय."
पाणी ओतल्याचा आवाज.
वाटी गेली.
गंधाराची होती.

भूपातून गंधार काढला तर उरतं काय?
नाना थांबले नाहीत.
जिथे तो यायचा तिथे काडी उचलून
तेवढीच जागा मोकळी सोडत गेले,
शेवटपर्यंत.

चार चार सेकंदांनी फोटो बदलत होते, कुठेही, कसेही.
एकदाच ती मोकळी जागा
आणि सुरसागराचा कठडा
एकत्र आले.
मी तसं लावलं नव्हतं.

दिवा लावल्यावर भाचा म्हणाला,
मधेमधे आवाज जात होता, दुरुस्त करू?
काका म्हणाले, व्याही कोणते गं? श्रीखंड आम्हाला कुठे मिळालं?

मी आत गेले. फडताळ उघडलं.
निळ्या वाटीला कालच विरजण लावलेलं,
वर बशी झाकलेली.
हलवली नाही.