तीन रिकामे बाइट

सकाळी सातपर्यंत चार हजार एकशे बारा चाचण्या
धावून दमलेल्या असतात.
मी दात घासत यादी वाचते :
उत्तीर्ण, उत्तीर्ण, उत्तीर्ण,
शेवाळलेल्या पायऱ्या, नजर नुसती घसरत जाते.
आज एकच लाल. शून्य एक सात तीन.

कायतान रिबेलोची आहे ती.
एकवीस वर्षांपूर्वीची.
त्याला मी कधी पाहिलं नाही,
पण कंसाआधी जागा सोडायची त्याची खोड ओळखते,
आणि फाईलच्या माथ्यावरची ती ओळ,
जिच्यापुढे जर्मनीतल्या कुणीतरी
प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय :
हांगा कोण तरी आसा.

रचना साधी. एक अक्षर, एक आकडा, एक अक्षर.
आकडा चार बाइटचा, आणि मानी :
चाराच्या पाढ्यातल्याच घरात उतरतो.
म्हणून पहिल्या अक्षरामागे तीन बाइट मोकळे
आणि शेवटच्या अक्षरामागे तीन,
पाठोपाठ दुसरी रचना आली
तर तिच्या आकड्याचाही मान राहावा म्हणून.
नऊचा ऐवज, बाराचं घर.

गेल्या आठवड्यात मीच कोड बदललं होतं.
नऊ कशाला मोजून उचलायचे,
बारा उचल, चार-चारच्या तीन घासांत.
वेग वाढला. दोघांनी शाबास म्हटलं.
तेव्हा चाचणीच जुनी झाली असणार.
तिच्यापुढे लिहिलं, 'अपेक्षित अपयश'.
पाठवायचं राहिलं, रायबंदरला बँकेत जायचं होतं.

चोडणच्या धक्क्यावर फेरीत गाड्या लावत होता
नवा पोरगा, सुदिन.
टेम्पो मध्ये, स्कूटरी कडेने,
माझी त्याने पुढच्या कोपऱ्यात घातली, साखळीला लागून.
दोन हात जागा. वाया कशाला?
सुटता सुटता पियेदाद उतरणीवरून आली,
डोक्यावर माशांची पाटी,
आणि सरळ त्या कोपऱ्याशी येऊन
थांबली.
बोलली काहीच नाही.
पाटी डोक्यावर ठेवूनच मांडवी ओलांडली तिने.
खारं पाणी तिच्या कानामागून मानेवर उतरत राहिलं,
वरून सुकाणूवरच्या सगुणने सुदिनची आई काढली,
मागे टेम्पो, मला स्कूटर हलवताही येईना.

परत आल्यावर ती चाचणी
मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली.
खाली, चाळिसाव्या ओळीनंतर,
कायतानने त्या रचनेपासून एक लेक काढली होती.
लेकीचं स्वतःचं असं एकच अक्षर.
आणि नियम तिला म्हणतो :
आईच्या घरात मागचे तीन बाइट मोकळेच आहेत,
वेगळं बिऱ्हाड कशाला?
ती तिथे राहत होती.
एकवीस वर्षं, नऊ बाइट संपतात तिथे.
माझा तिसरा घास तिच्यावरून गेला.
'के' असायला हवा होता,
शून्य होतं.

नऊच उचल, म्हणून सांगितलं परत.
वेग उतरला, ते कळवलं.
'अपेक्षित अपयश' खोडलं.
प्रश्नचिन्हाखाली उत्तर लिहू लागले,
जमलं नाही, ते तसंच ठेवलं,
त्याऐवजी एक नवी चाचणी लिहिली,
आईला दोन लेकी असतील तर.

चार हजार एकशे तेरा.
धावू देत रात्रभर.
स्कूटरच्या सीटवर पाटीतलं पाणी वाळून
मिठाचे बारीक ठिपके उमटलेत.
फडकं घेतलं होतं हातात.
परत ठेवलं.