भुईवरून

खांबावरून पडलो दिवाळीच्या तोंडावर.
गुडघ्यापासून टाचेपर्यंत पांढरा झालो.
दीड महिना वर चढायचं नाही,
डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं.

घरात दोघंच उरलो मग,
मी आणि आठ महिन्यांची संबोधी.
रत्नमाला उजाडताच निघते कापूस वेचायला,
कमरेला ओटी, फडक्यात भाकर,
दाराशी दोनदा मागे बघत.

बोधी झोळीत, झोळीची दोरी माझ्या हातात.
दोरी ओढली की पोरगी निजते,
पोरगी निजली की मीही.
बरं चाललं होतं आमचं.

अंगणवाडीच्या बेबीनंदाबाई काटा घेऊन आल्या,
आढ्याला अडकवून पोरीला तोललं.
वजन बरोबर भरलं, तरी बाई जाईनात.
"काऊन जी भाऊ, लोंबतीच ठेवता काय पोट्टीले दिवसभर?
अंगात जोर कुठून येईन तिच्या?
खाली सोडा, पालथी घाला, खेळा तिच्यासंग.
तुमाले तं आता भुईवरच राहाच हाय!"

सोडली खाली.
विळा, काडेपेटी, रॉकेलची कॅन, सगळं फळीवर गेलं.
सारवलेल्या भुईवर वाकळ, वाकळीवर बोधी,
नाक टेकवून रडते आहे.
मीही पालथा पडलो तिच्यासमोर,
प्लास्टरचा पाय मागे, मगरीच्या शेपटासारखा.
रडणं थांबलं. बघत राहिली.

बारा वर्षं हे गाव मी तारांवरून पाहिलं,
टिनं, कौलं, छपरांवर वाळणाऱ्या मिरच्या.
इतक्या खालून पहिल्यांदाच.
कणगीखाली माझा टेस्टर दिसला,
हरवून वर्ष झालेला.

रिकाम्या बाटलीत मूठभर सरकी भरली,
झाकण आवळून वर काळी पट्टी गुंडाळली,
वायरीला गुंडाळतो ती.
जोड उघडा ठेवायचा नसतो, एवढं येतं मला.
खुळखुळ वाजवून हातभर लांब ठेवली.

बोधी निघाली बाटलीकडे
आणि गेली मागे.
हातानं भुई रेटायची, अंग उलटंच सरकायचं,
जितकी हौस तितकी बाटली लांब.
काय चिडली!
उचलून देणारच होतो, हात गेलाही होता.
पण पहिल्या खांबाच्या वेळी
आमच्या वायरमननं हात दिला नव्हता मला,
नुसता खाली उभा होता, मान वर करून.

तळवा तिच्या पावलांमागे धरला, भिंतीसारखा.
तिनं लाथ हाणली त्याला
आणि वीतभर पुढे आली.
मग आणखी एक लाथ.
बाटली तोंडात गेली तेव्हा
दोघांनाही घाम फुटला होता.

त्यानंतर ती थांबली नाही.
कोंबडीमागे उंबऱ्यापर्यंत,
उंबऱ्यावरून माझ्या पोटावर,
पोटावरून पलीकडे धप्प.
रडायचं की हसायचं, हे माझ्या तोंडाकडे बघून ठरवायची.
मी हसायचो. कधी कधी आधी घाबरून, मग हसायचो.
झोळीत आता कांदे ठेवतो.

परवा दुपारी वरणभाताच्या हातांनी
तिनं माझं प्लास्टर धरलं.
पाय मी बाजेवर ठेवला होता, आडवा.
गुडघे थरथरले, ढुंगण उचललं,
आणि उभी!
एक, दोन, तीन, चार मोजले मी.
खाली बसली. पुन्हा उठली.
टाळ्या वाजवायला घरात मी एकटाच.

संध्याकाळी रत्नमाला आली,
केसांत कापूस, बोटं बोंडांनी ओरबाडलेली.
बोधीनं तिच्यासमोर पुन्हा प्लास्टर धरलं, पुन्हा उठली.
"अगं माय! अजी, पाहा ना, उभी झाली!
आज पहिल्यांदाच ना?"
"हो," म्हणालो. "आत्ताच."

रात्री दिव्याखाली ती माझ्या पायाला उशी देत होती.
पांढऱ्या प्लास्टरवर पिवळे, वाळलेले ठसे,
हे एवढे एवढे पंजे,
सहा-सात तरी असतील.
ती त्यांच्याकडे बघत राहिली.
मग पदराचं टोक ओलं केलं पुसायला,
आणि न पुसताच
पिळून टाकलं.