तीनशे चाळीसात

भिशी आणि गॅस बाजूला काढल्यावर
डब्यात राहिले तीनशे चाळीस.
त्यात पन्नासाची एक नोट फाटकी,
केएमटीच्या कंडक्टरनं परत दिलेली.

पितृपंधरवडा सरत आलाय.
दुपारी पत्र्यावर पापड भाजून निघेल असं ऊन
आणि पहाटे पायांवर चादर ओढावी लागते.
सुतारवाड्यातल्या आमच्या दीड खोलीला
घट बसायच्या आत
जरा रूप द्यायचंय.

वाकळा झाल्या.
पंचगंगेवर आपटून आपटून धुतल्या,
ज्या पायऱ्यांवरनं ऑगस्टात ती उठून
आमच्याकडं आली होती
न बोलावता,
पाच दिवस मुक्कामाला.
आम्ही तेव्हा शाळेच्या वर्गात, बाकं जोडून झोपलेलो.
जाताना भिंतीवर सही करून गेली:
माझ्या छातीएवढी
चहाच्या रंगाची एक सरळ रेघ.

विळ्याच्या पाठीनं पोपडे खरवडले.
चुना साठ, नीळ दहा,
ब्रश यास्मिनभाभीचा, टक्कल पडलेला.
पहिला हात दिला, रेघ गेली.
वाळला, रेघ आली.
दुसरा हात दिला.
रात्री दिव्याखाली भिंत कशी पांढरीफेक,
सकाळी बघते तर रेघ आपल्या जागी,
पाहुण्यानं विसरलेल्या टोपीसारखी.

आईच्या इरकलीचं अंग कुजून गेलं पुरात,
काठ मात्र टिकले.
ते उसवून, जोडून खिडकीला पडदा केला.
वारा आला की तो आधी फुगतो,
मग आईसारखा
स्वतःशीच काहीतरी पुटपुटतो.

महाद्वार रोडवर दिव्यांची माळ, एकशे वीस.
दीडशे सांगितलेली.
मी दोनदा पाठ फिरवली तेव्हा उतरला गडी.

हे उद्यमनगरातनं आले, डबा नेहमीपेक्षा जड.
उघडला तर आत पितळेचा बर,
लेथवरनं सुटलेली लांब लांब वेटोळी,
पिवळी, चमचमती.
"मालकाला विचारून आणलंय," आधीच सांगून टाकलं.
दाराला उंच टांगली, पोराचा हात कापायला नको.
वारा हलला की नाजूक वाजतात,
आणि चार घरं सोडून राहणाऱ्या काकू
रोज दळणाचं निमित्त काढून
थांबून बघून जातात.

परडी तीस.
माती विकत घ्यायला हे निघालेले, मी थांबवलं.
मोरीमागं बादलीत ठेवलाच होता
घरातनं उपसलेला गाळ.
काळा, लोण्यासारखा मऊ.
"ह्यात?" म्हणाले.
ह्यातच.
गहू, जोंधळा, करडई, जे होतं ते पेरलं.
तिसऱ्या दिवशी मोड वर आले,
भराभरा, घाई असल्यासारखे.

तेल सत्तर. तेवढं लागतंच.

इंद्रजित शाळेतनं आला, दप्तर टाकलं
आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.
रेघ त्याच्या हनुवटीला.
"आई, मी उभा असतो तर नाक वर राहिलं असतं?"
मी कणीक मळत होते. मळत राहिले.
त्यानं पट्टी डोक्यावर आडवी धरून
पेन्सिलीनं एक खूण केली,
शेजारी तारीख घातली, चुकीची,
आणि खेळायला पळाला.

"तिसरा हात देऊ या का?
चुना उरलाय थोडा," रात्री हे म्हणाले.
मी म्हटलं, असू दे.
पोराची खूण जाईल.

खंडेनवमीच्या रात्री दहाला
कपिलतीर्थावर गेले. झेंडू तेव्हा पडेल भावात मिळतो.
पोत्यांच्या तळाचा, जरा दबलेला,
पण पाणी मारलं की उठून बसेल.
हातात उरली होती ती फाटकी पन्नासाची.
घडी तशीच ठेवून पुढं केली.
म्हाताऱ्यानं न बघताच गल्ल्यात टाकली.
त्यानं काट्यावर काय केलं
ते मग मीही बघितलं नाही.