आवडतं ॲप

कामाचा अनुभव घ्यायला म्हणून
शाळेनं रीसला आठवडाभर माझ्या दुकानात धाडलंय.
कॉव्हेंट्री, फोल्सहिल रोड.
तडकलेल्या काचा, फुगलेल्या बॅटऱ्या,
चार्जिंगच्या भोकात अडकलेला खिशातला कचरा.
त्याच्याकडे एक आखलेला तक्ता आहे, वर मथळा:
गिऱ्हाइकाचं आवडतं मेसेजिंग ॲप.
"ज्याचे स्टिकर भारी, तेच घेत असतील ना लोक?"
पंधरा वर्षांचं पोर.
मी सुईनं भोक कोरत राहते.

फरामर्झ येतो, नखांत बेकरीचं पीठ.
त्याच्या फोनवर कागदी विमान,
आणि विमानाआधी उघडायचे तीन बोगदे.
तिकडे बंदी आली त्या आठवड्यात
त्याच्या सत्तरीच्या आईनं व्हीपीएन शिकून घेतलं,
जिला टीव्हीचा रिमोट कधी जमला नव्हता.
आज सकाळपासून तिन्ही बोगदे बुजलेत.
चौथा आहे का, विचारतो,
जसं वाण्याला विचारावं, गूळ आहे का.
रीस लिहितो: विमान, एक.

नाक दाबलं की तोंड उघडतं,
आई म्हणायची, एरंडेल पाजताना.
हे रीसला कसं सांगावं, सुचत नाही.

ओउयांगबाईंच्या देशात बाकी दारं बंद,
म्हणून झाडून सगळे एकाच खिडकीशी.
भाजीचे पैसे तिथंच, डॉक्टर तिथंच, भाचीही तिथंच.
पण खिडकी भिंतीनंच दिलेली,
आणि भिंतीला कान असतात.
भाचीनं लिहिलंय: काकांना चहाला बोलावलंय.
बाई वाचतात,
फोन काउंटरवर पालथा ठेवतात.
"चहा! मस्त," म्हणतो रीस.

त्सेगाये या तक्त्यात बसत नाही.
लढाई पेटली तेव्हा त्याच्या गावाची लाइनच कापली होती.
तो दर शनिवारी यायचा, म्हणायचा, फोन बिघडलाय, बघा.
मी उघडायचे, फुंकर मारायचे, मिटायचे.
पैसे घेतले नाहीत कधी.

"आणि तुमचं?"
माझा भाऊ विश्राम शारजाला, क्रेनवर.
तिथं हिरव्या ॲपवर अक्षरं पोचतात, आवाज नाही.
जेवलास का, हे जातं.
त्याचा खोकला येत नाही.
खोकल्यासाठी दुसरं ॲप, महिन्याला पैसे भरून.
मग सावंतवाडीत आईनं ते घेतलं,
आईमुळे आत्यानं, आत्यामुळे तिच्या जावांनी,
शेवटी गल्लीतल्या शिंप्यानंसुद्धा,
ज्याचं शारजात कुणीही नाही.
असं होतं बघ लोकप्रिय.

रीस बराच वेळ पेनाचं टोपण चावतो.
मग मथळ्यातलं "आवडतं" खोडतो.
"इथं काय लिहू?"
उरलेलं, मी म्हणते.
तो लिहितो. अक्षर गिचमीड,
शिक्षिका गुण कापणार बहुतेक.

चौथा बोगदा उतरतोय फरामर्झच्या फोनात,
एकोणऐंशी टक्क्यांवर अडकलाय.
बेकरीत भट्टी तापून बसली असेल.
तो हलत नाही.